त्याच्या हातून मशीन सुटेना

मागच्या अंकात विचारलं होतं की नवा सुपरवायझर, लाइन लीडर, टीम लीडर, जे काय तुमच्याकडे म्हणत असतील ते, कसा तयार करता आणि काय अडतं ते लिहा. पत्रं बरीच आली, सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पाच घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण निम्म्या पत्रांत फिरूनफिरून तेच रडगाणं होतं. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, बडोदं तसं लहान गाव आहे आणि शेठ लोकही हा अंक वाचतात.

प्रश्न : मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचं मशीन शॉप आहे, कॉन्ट्रॅक्टवाले धरून ४० माणसं. सहा महिन्यांपूर्वी आमच्या सगळ्यात चांगल्या व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरला सुपरवायझर केला, पगारही वाढवला. आता होतंय असं की तो दिवसभर स्वतःच मशीनवर उभा असतो आणि बाकीची पोरं मोबाईलवर. रिजेक्शन वाढलं. काही बोललं की म्हणतो "मीच करून टाकतो ना साहेब, लवकर होतं". आमचा चांगला ऑपरेटरही गेला आणि सुपरवायझरही मिळाला नाही. परत मशीनवर टाकू का?

उत्तर : टाकू नका, एवढ्यात तरी नको. परत मशीनवर टाकलात तर पोरांसमोर त्याची जायची ती जाईल आणि महिन्याभरात तो सावली तालुक्यात कुठेतरी दोन हजार जास्तीवर लागेल, मग खरंच दोन्ही गेले.

आधी हे सांगा, सुपरवायझर केला म्हणजे नक्की काय केलं? पगार वाढवला, शर्टाचा रंग बदलला, ग्रुपमध्ये अभिनंदनाचे हात जोडले, आणि? त्याला शिकवलं काय? टर्नर, म्हणजे लेथवाला, व्हायला आयटीआय, वर अप्रेंटिसशिप, तीन-चार वर्षं जातात, आणि दहा माणसं सांभाळायचं काम मात्र सोमवारी सकाळी खांद्यावर हात ठेवून देऊन टाकायचं. तो मशीनवर का उभा राहतो माहितीय का, कारण तिथे त्याला कळतं की आपलं बरोबर चाललंय. गेज, म्हणजे मापाचं साधन, नीट गेला की जॉब, म्हणजे घडवलेला भाग, ओके. माणसांच्या बाबतीत असा गेज नाही, संध्याकाळी घरी जाताना आज आपण चांगलं काम केलं की वाईट हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून बिचारा जिथे उत्तर मिळतं तिथे जाऊन उभा राहतो.

माझं तर मत आता इतकं पक्कं झालंय की ज्याला एक काम दुसऱ्याला शिकवता आलं नाही त्याला सुपरवायझर करूच नये. कितीही हुशार असो. आणि उलट, करायचाच असेल तर सुरुवात शिकवण्यापासून करावी. तुमच्याकडे ४० माणसं आहेत म्हणजे अप्रेंटिस घेणं तुम्हाला तसंही बंधनकारक आहे, २०१९ पासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या सगळ्यांना आहे, अडीच टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांपर्यंत, म्हणजे तुमच्या हिशेबानं कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सहा. बरेच लोक हे पोरगं सरकारी पोर्टलवर नाव चढवण्यापुरतं घेतात आणि त्याला चहा आणायला, बर (कापलेल्या कडेची कुसळं) काढायला ठेवतात. तसं न करता ते पोरगं या तुमच्या सुपरवायझरच्या हवाली करा आणि सांगा की दोन महिन्यांनी हा मुलगा एक जॉब एकट्यानं सेट करून दाखवेल, तू हात लावायचा नाहीस. दोघांची अप्रेंटिसशिप एकदमच होते, एकाची कागदावर, एकाची बिनकागदी.

शिकवायचं कसं त्याची एक जुनी रीत आहे, अमेरिकेत १९४० साली युद्धाच्या गडबडीत निघाली, ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री म्हणायचे, जाणते कारागीर फौजेत गेलेले आणि कारखान्यात नवखी माणसं भरलेली, म्हणून सुपरवायझरला दहा तासांत, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, शिकवायचं कसं ते शिकवायचे. युद्ध संपल्यावर अमेरिका ते विसरली आणि जपान्यांनी उचललं, आज जे टोयोटा टोयोटा करतात त्याच्या मुळाशी हे पण आहे. त्यात चारच पायऱ्या, आधी शिकणाऱ्याची भीती घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा, मग सांगत सांगत करून दाखवा, मग त्याला करायला लावा आणि करताना तोंडानं बोलायला लावा, शेवटी त्याला एकटं सोडा पण अडलं तर कोणाला विचारायचं ते सांगून ठेवा आणि मधून मधून जाऊन बघा. वाचायला सोपं वाटतं. करायला बसा म्हणजे कळेल.

तुमच्या ऑपरेटरला म्हणा, व्हाइसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या पकडीत, जॉब पकडायचा कसा ते कागदावर लिही. तो म्हणेल यात लिहायचं काय, पकडायचा आणि चालू करायचं. लिहायला लावाच. मग निघेल की आधी व्हाइस साफ करायचा, पॅरलल (जॉबखालच्या सरळ पट्ट्या) पुसायचे, जॉबचा बर काढायचा, आवळायचं, मग वरून मॅलेट (मऊ हातोडी) मारायची, मग पॅरलल बोटानं हलवून बघायचे, हलला तर जॉब नीट बसलेला नाही. आणि प्रत्येकाच्या पुढे कारण लिहायला लावा, का पुसायचं तर खाली एक बारीक चिप राहिली तरी जॉब तिरका बसतो आणि फेस मापात येत नाही. हे सगळं त्याचा हात आपोआप करत होता, त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं की आपण करतो. तुमचं रिजेक्शन वाढलंय ना, माझी शंका आहे की त्यातलं निम्मं इथेच आहे, त्याच्या हातात आहे आणि पोरांपर्यंत पोचलेलंच नाही.

आणि एक, "समज्यो?" हा प्रश्न शॉपमध्ये बंद करा. आपल्याकडे समोरचा कायम "हा साहेब, समजी गयो" म्हणतो, हत्ती समोरून गेला तरी समजी गयो. त्यापेक्षा, बरं आता तू मला सांग हे आधी का करायचं.

आता मशीन सुटत नाही त्याचं. मी नवीन चार्जहँड, म्हणजे फोरमनच्या हाताखालचा मुकादम, झालो तेव्हा माझं पण हेच होतं, लेथ दिसली की हात शिवशिवायचे. आमचे फोरमनकाका होते त्यांनी नियम घातला, सकाळच्या पहिल्या तीन तासांत हात पाठीमागे. खरोखर पाठीमागे बांधून फिरायचं, कोणी अडला तर तोंडानं सांगायचं, हँडल धरायचं नाही. पहिला आठवडा इतका राग यायचा त्यांचा. पोरगं चुकतंय, दिसतंय, आणि आपण हात मागे बांधून तोंडानं सांगतोय. पण त्यामुळे बोलायला शिकलो, आणि पोरं कुठे अडतात ते दिसायला लागलं, जे स्वतः मशीनवर असलो की पाठ असते तिकडे.

त्याच वर्षी एक गाढवपणा केला होता तोही सांगतो. बुशचा (पोकळ नळीसारखा भाग) लॉट चालला होता, बोअर, म्हणजे आतलं भोक, हळूहळू लहान यायला लागला होता, टूल घासत होता, मी दर दहा जॉबनंतर प्लग गेज लावून टूल सरकवून घेत होतो. शिफ्ट संपली, रजिस्टरमध्ये लिहिलं "सर्व ओके" आणि सायकल काढून घरी. खरंच ओके होतं, मी होतो तोवर. रात्रीच्या माणसाला दहा-दहाचं कोणी सांगितलं नाही, त्यानं नेहमीप्रमाणे पन्नासला एक बघितला. सकाळी दीडशेच्या वर जॉबमध्ये गेज आत जाईना. काही रिवर्कमध्ये वाचले, बरेच परत चकमध्ये (लेथच्या पकडीत) पकडताना सेंटरमधून सरकले ते भंगारात. काका ओरडले नाहीत, महिनाभर मला शिफ्टच्या अर्धा तास आधी यायला लावलं आणि रात्रीच्या माणसाबरोबर मशीनजवळ उभं राहून, रजिस्टर हातात न घेता, विचारायला लावलं की आज मशीननं काय त्रास दिला. "ओके आहे का" असं नाही विचारायचं, काय त्रास दिला. हँडओव्हर ही गोष्ट मला कोणत्या कोर्सनं नाही, त्या महिन्यानं शिकवली.

तर तुमच्या माणसालाही असंच एकेक द्या. आधी शिकवणं आणि हँडओव्हर, एवढंच. ते जमलं की उद्याच्या कामाचं वाटप त्याच्याकडे, रजा मंजूर करणं, कोणाला समज देणं हे सगळ्यात शेवटी, त्याआधी दिलंत तर पोरं त्याला खाऊन टाकतील. आणि यात तुमचं काम काय, तर रोज पंधरा मिनिटं. संध्याकाळी चहा घेऊन बसा त्याच्याबरोबर, आज कोण अडलं, तू काय सांगितलंस, उद्या काय वेगळं करशील. हे तुम्ही केलं नाहीत तर वरचं सगळं फुकट आहे, स्पष्ट सांगतो. बहुतेक शेठ इथेच कच्चे पडतात, त्यांना तयार सुपरवायझर हवा असतो, तयार करायला वेळ नसतो. आणि पंधरा मिनिटं पंधरा मिनिटंच ठेवा, त्यात डिस्पॅचचं रडू नका.

प्रश्न : मी पादरा रोडवरच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, नऊ वर्षं झाली. पुढच्या महिन्यात मला लाइन लीडर करतायत. माझ्या लाइनवर बारा बायका, त्यातल्या एक मासी वीस वर्षांनी मोठ्या, मी नवी होते तेव्हा त्यांनीच मला शिकवलं. आम्ही एका डब्यात जेवतो. आता यांना मी सांगणार कसं? रात्री झोप लागत नाही.

उत्तर : ताई, आधी डब्याचं. डबा सोडू नका. लीडर झाल्यावर वेगळ्या टेबलावर जाऊन बसणारे मी पाहिलेत, बायकांतही आणि पुरुषांतही, तिथून पुढे त्यांना खरी बातमी कोणी सांगत नाही. फक्त डब्यावर एकीचं दुसरीला बोलायचं नाही एवढं पाळा.

मासींना तुम्हीच जाऊन सांगा, नोटीस लागायच्या आधी. बोर्डावर वाचून त्यांना कळलं तर ती गोष्ट पाच वर्षं निघेल. "मासी, मला लीडर करतायत, तुम्ही शिकवलं म्हणून करतायत, मला तुमची मदत लागेल", आणि मदत म्हणजे नुसती बोलायची नाही, खरंच काहीतरी द्या, नवीन आलेल्या मुलींना कार्टनवरचं बॅच नंबरचं प्रिंटिंग तपासायला शिकवणं त्यांच्याकडे द्या. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना बदल आधी सांगा, ज्याला जे चांगलं येतं ते त्याच्याकडून घ्या, हे मगाशी लिहिलं त्या अमेरिकन ट्रेनिंगच्या माणसं सांभाळायच्या भागातसुद्धा होतं, पण आपल्या आज्यांना ते न शिकवताच येत होतं, वीस माणसांचं घर त्याशिवाय चालतंय होय.

अवघड प्रसंग येणार तो लाइन क्लिअरन्सला येईल, लिहून ठेवा. जुनी बॅच संपली, नवीन चालू करायची, मध्ये जुन्या बॅचचं कार्टन, लेबल, फॉइल, पत्रकं, एकूण एक काढून खाली वाकून बघायचं असतं, आणि मासी म्हणणार "अरे मी बघितलं, कर चालू". तेव्हा वाद घालू नका, सरळ म्हणा, "मासी, चेकलिस्टवर सही आता माझी आहे, मला एकदा बघू द्या", आणि स्वतः वाका. दर वेळी, सगळ्यांसमोर, कोणी बघितलं असलं तरी. आठवड्यानं त्या स्वतःच बाजूला होतील. वयाचा मान बोलण्यात ठेवायचा, चेकलिस्टमध्ये नाही.

आणि मॅनेजरकडे आत्ताच दोन गोष्टी मागा. आत्ताच्या लाइन लीडरबरोबर पंधरा दिवस, आधी ती करेल मी बघेन, मग मी करेन ती बघेल. दुसरं, माझ्या हातात काय काय आहे ते लिहून द्या, अर्धी सुट्टी मी देऊ शकते का, लाइन थांबवू शकते का. काही गडबड दिसली तर लाइन थांबवायचा अधिकार नसेल तर लीडर म्हणजे फक्त शिव्या खायची जागा आहे.

प्रश्न : मुलगा आयटीआय फिटर, एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. आठ महिन्यांतच त्याला सहा हेल्परवर देखरेख करायला लावतात, सुपरवायझर म्हणून आयकार्ड दिलंय, पैसे मात्र स्टायपेंडचेच. तो खुश आहे, मी नाही. हे कायद्यात बसतं का? आणि नंतर नोकरी द्यायलाच लागते ना? (वाघोडिया रोड)

उत्तर : नाही, द्यायलाच लागते असं नाही. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, त्यात अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही असं स्वच्छ लिहिलंय. २०१४ च्या दुरुस्तीनंतर शिकून झालेल्यांना घ्यायचं की नाही याचं धोरण कंपनीनं स्वतः ठरवायचं आहे. फक्त तुमच्या करारातच "नंतर नोकरी" अशी अट असेल तर ती कंपनीला पाळावी लागते. म्हणून आधी कराराचा कागद बाहेर काढून वाचा, बहुतेकांनी सही करताना वाचलेला नसतो.

बाकी, ट्रेनिंगशी संबंध नसलेलं काम अप्रेंटिसकडून करून घेणं चालत नाही, २०१४ च्या दुरुस्तीत त्याला दंड ठेवला, प्रत्येक वेळेला हजार रुपये, आजकाल हजारात काय होतं म्हणा. पीसवर पैसे किंवा इन्सेंटिव्ह स्कीम हे पण त्याला लावता येत नाही. फॅक्टरीतले सुरक्षेचे नियम मात्र त्यालाही कामगारासारखेच लागू, इजा झाली तर भरपाईही. भांडण झालं तर अप्रेंटिसशिप ॲडव्हायजरकडे जायचं.

पण पोरगा खुश का आहे तेही बघा. सहा माणसांकडून काम करून घ्यायला मिळतंय ही वाईट गोष्ट नाही, फिटर म्हणून शिकताना शेजारी कोणी जाणता उभा असेल आणि पोरगा त्याच्या हाताखाली हे करत असेल तर करू द्या. जाणता कोणी नाही आणि उद्या एखाद्या हेल्परचं बोट गेलं तर बोट दाखवायला आयकार्डवाला पोरगा आहे, असं असेल तर मात्र थांबवा. त्याला एवढंच विचारा, तुला अडलं की तू कोणाकडे जातोस? उत्तर पटकन आलं नाही तर कंपनीत जाऊन बोला. नम्रपणे, करार हातात घेऊन.

प्रश्न : भाचा लेस्टरला एका वेअरहाऊसमध्ये आहे, ३४ वर्षांचा, दोन मुलांचा बाप. फोनवर म्हणाला मी टीम लीडरची अप्रेंटिसशिप करतोय. या वयात अप्रेंटिस? नोकरी गेली आणि लपवतोय का? वहिनी काळजीत आहे. (मांजलपूर)

उत्तर : नाही हो, वहिनींना सांगा पेढे वाटा. आपल्याकडे अप्रेंटिस म्हटलं की डोळ्यासमोर आयटीआयचं मिसरूड फुटलेलं पोरगं येतं, इंग्लंडमध्ये तसं नाही. तिथे वयाला वरची मर्यादा नाही, आणि आधीच नोकरीत असलेल्या माणसालाही नव्या कामासाठी अप्रेंटिस करता येतं, पगार चालू. टीम लीडर, सुपरवायझरसाठी लेव्हल ३ ची वेगळी अप्रेंटिसशिप आहे, वर्षभराच्या आसपासची. आवडण्यासारखी गोष्ट ही की शिकायचे तास कामाच्याच वेळेत काढावे लागतात, आधी कामाच्या वेळेचा पाचवा हिस्सा होता, मग २०२२ मध्ये आठवड्याला कमीत कमी सहा तास असं केलं, आणि २०२५ पासून प्रत्येक अप्रेंटिसशिपचे कमीत कमी तास वेगळे ठरवून दिलेत. आणि शेवटी परीक्षा म्हणजे त्यानं वर्षभर लाइनवर जे केलं त्याची फाइल, त्यावर बाहेरचा माणूस बसून प्रश्न विचारतो आणि एक प्रेझेंटेशन. मोठ्या कंपन्यांकडून यासाठी २०१७ पासून पगाराच्या बिलावर लेव्हीच घेतात, तीस लाख पौंडांच्या वरच्या रकमेवर अर्धा टक्का, म्हणजे पैसे भरलेलेच असतात, मग माणसं पाठवतात. तिथेही नुसती जुन्या मॅनेजरांना सर्टिफिकेटं वाटायला याचा वापर होतो अशी टीका होतेच, पण तुमचा भाचा वेअरहाऊसमधून येतोय, त्याला उपयोग होईल.

प्रश्न : आमचे आजोबा कलाभवनात शिकले. मी एका प्लॅस्टिक मोल्डिंग कारखान्यात शिफ्ट बघतो, कंपनी म्हणते हॉटेलात दोन दिवसांचा सुपरवायझर कोर्स आहे, अर्धे पैसे तुम्ही भरा. करू का? (राजमहाल रोड)

उत्तर : आजोबांचं नाव काढलंत म्हणून लिहितो, १८९० साली सयाजीरावांनी गज्जर मास्तरांच्या हातून कलाभवन ही कला-कारागिरीची शाळा काढली ती हात आणि पुस्तक एका छपराखाली यावं म्हणून, सिनेमावाले दादासाहेब फाळके तिथलेच, आणि आता आपण हॉटेलच्या एसी हॉलमध्ये सुपरवायझर बनवतोय, पनीर खाऊन. जेवण बरं असतं, ते मान्य.

कोर्सवाल्यांचे अठरा विषय विचारू नका. कंपनीला विचारा की कोर्सहून आल्यावर पुढचे दोन-तीन महिने माझ्या शिफ्टला येऊन मला बघणारा, चुकलं तर सांगणारा माणूस कोण. त्याचं नाव सांगितलं तर भरा पैसे. एचआर बघेल म्हणाले तर म्हणा तुम्हीच पूर्ण भरा, मी येतो जेवायला.